‘हँड्स’ची बेस लाइन: काम कुठवर आलं

आठवडा १

ठरवलं एवढंच होतं की लिटल बूट्सच्या ‘हँड्स’ अल्बममधलं ‘स्टक ऑन रिपीट’ हे गाणं घरातल्या सामानावर पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत उभं करायचं. शाळेत कित्ता गिरवायचो तसं. ऐकायला गाणं सोपं वाटतं: एक बेस (खालचा, खर्जातला सूर), एक किक (ड्रमचा दणका), दोन-तीन सिंथ (इलेक्ट्रॉनिक वाद्यं) आणि वर एकटीचा आवाज. एका रविवारचं काम आहे, असं मी घरात सांगूनही बसलो. आज आठवा आठवडा चालू आहे आणि त्या रविवारची आठवण काढणं बायकोने कधीच सोडून दिलंय.

लिटल बूट्स हे नाव ज्यांच्या कानावरून गेलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. खरं नाव व्हिक्टोरिया हेस्केथ. गाव ब्लॅकपूल, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं. रोषणाई आणि जत्रेचे पाळणे यांसाठी प्रसिद्ध. आधी लीड्समध्ये डेड डिस्को नावाच्या बँडमध्ये होती, मग एकटीने गायला लागली. ‘हँड्स’ हा तिचा पहिला अल्बम जून २००९ मध्ये आला. त्या वर्षाच्या सुरुवातीला बीबीसीच्या ‘साउंड ऑफ २००९’ या होतकरू कलाकारांच्या यादीत ती पहिली होती. फ्लॉरेन्स अँड द मशीन तिसऱ्या, ला रू पाचव्या. लेडी गागा त्याआधीच्या लांब यादीत होती, पहिल्या पाचात आलीच नाही! पुढे कोण कुठे गेलं ते सांगायला नको. ‘हँड्स’ ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला आणि मग लोक दुसरीकडे वळले. मी काही वळलो नाही.

२००९ मध्ये मी पुण्यात कॉट बेसिसवर राहत होतो. एका खोलीत चार खाटा, एक लॅपटॉप, आणि तोही माझा नाही. त्यावर एका रात्री तिचा व्हिडिओ लागला. स्वतःच्या झोपायच्या खोलीत बसून ती गातेय, आणि हातात पांढरी चौकोनी पाटी, तिच्यावर दिवे लुकलुकतायत. आम्हाला वाटलं लहान मुलांचं खेळणं असेल. ती पाटी म्हणजे यामाहाचं तेनोरी-ऑन. तोशियो इवाई या जपानी कलाकाराने यामाहाबरोबर बनवलेलं हे वाद्य २००७ मध्ये लंडनमध्ये बाजारात आलं तेव्हा किंमत होती ५९९ पौंड. १६ आडवे, १६ उभे, असे २५६ दिवे, आणि प्रत्येक दिवा हेच एक बटण. उभा खण म्हणजे वेळ, आडवी ओळ म्हणजे सूर. बटण दाबून ठेवलं की तो सूर फेऱ्यात अडकतो आणि फेरा परत परत फिरत राहतो. जपानी नावाचा अर्थ साधारण ‘तळहातावरचा नाद’. आणि अल्बमचं नाव ‘हँड्स’. ही जोडी माझ्या डोक्यात खूप उशिरा जुळली, ते पुढे येईलच.

माझ्याकडचं सामान: जुना लॅपटॉप, ‘सर्ज’ हा फुकट मिळणारा सॉफ्टवेअर सिंथ, हाताने फिरवायचे नॉब असलेला, एका वेळी एकच सूर काढणारा ॲनालॉग सिंथ, दोन माइक लॅपटॉपला जोडता येतील एवढा ऑडिओ इंटरफेस, आणि तेनोरी-ऑन कुठून आणणार म्हणून दुसऱ्या हाताचा घेतलेला ८ बाय ८ चा पॅड कंट्रोलर, म्हणजे सूर वाजवायच्या बटणांची पाटी. ६४ पैकी ११ पॅड मेलेले निघाले. विकणाऱ्याने ‘एक-दोन दाबायला कडक आहेत’ असं सांगितलं होतं.

आठवडा २

आधी बेस. हॉट चिप या बँडच्या जो गोडार्डने निर्मिलेलं हे गाणं कुणाच्या अंगणातून आलंय ते दोन सेकंदांत कळतं. गायिका डॉना समर आणि निर्माता जॉर्जो मोरोडर, १९७७, ‘आय फील लव्ह’. त्या गाण्यात एक गंमत आहे आणि ती कळली की अर्धी इलेक्ट्रोपॉप उलगडते. मोठ्या मूग मॉड्युलर सिंथवर वाजवलेल्या बेसचा डिलेने (तोच आवाज जरा उशिराने परत ऐकवणाऱ्या यंत्राने) पाडलेला पडसाद मधल्या रिकाम्या जागांत पडतो. मूळ सूर एका कानात, पडसाद दुसऱ्या कानात. म्हणून तो बेस पळतोय असं वाटतं. किक मात्र यंत्राची नाही. मूगमधून हवा तसा दणका निघेना, म्हणून ड्रमर कीथ फोर्सीने ती पायाने वाजवली. यंत्रसंगीताच्या सगळ्यात गाजलेल्या तुकड्यात माणसाचा पाय आहे, हे मला फार आवडतं.

तर हिशेब. मी लय मिनिटाला १२० ठोके धरली, आकडेमोडीला सोपी म्हणून. एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, अर्धा २५०, पाव १२५. बेसचे सूर अर्ध्या-अर्ध्या ठोक्यावर टाकले आणि डिले १२५ वर ठेवला, फीडबॅक शून्य, म्हणजे पडसाद एकदाच. मूळ सूर डावीकडे, पडसाद उजवीकडे. पॅचमध्ये, म्हणजे सिंथवर बांधलेल्या आवाजात, एक सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर), दुसरी सॉ ७ सेंट, म्हणजे सुराच्या केसभर, सरकवलेली, वरचा चुरचुरीत भाग गाळणारा फिल्टर बराच बंद, आणि एन्व्हेलपची डिके आखूड, म्हणजे सूर लगेच विरतो. बटण दाबलं आणि अंगावर काटा आला. हाच तो! सूर इथे लिहीत नाही, कानाने काढा, त्यातच मजा आहे.

मध्येच एक आठवण. हे सगळं विलायतेतच घडतं असं वाटणाऱ्यांनी चरणजित सिंग शोधून ऐका. मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये रोलंड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही सिंथ आणि ड्रमची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली.

आठवडा ३ आणि ४

काहीही झालं नाही. ऑफिसात वर्षअखेर होती. रात्री घरी येईपर्यंत अकरा, आणि एकदा सिंथ लावला तेव्हा वीज गेली.

काम नाही पण ऐकणं झालं. सांगली ते मिरज रोज जाता-येता अल्बम सलग, क्रम न मोडता. सलग ऐकल्याशिवाय अल्बमबद्दल बोलू नये असं माझं मत आहे, भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं.

पहिलं ‘न्यू इन टाउन’. निर्माता ग्रेग कर्स्टिनचं काम. याच माणसाने पुढे २०१५ मध्ये ॲडेलचं ‘हॅलो’ केलं. ठोका जड, जवळजवळ पाय आपटत चालल्यासारखा, आणि वरची चाल एकदम हलकी. नव्या गावात आलेल्याला कुणीतरी गाव दाखवायला निघालंय, आणि त्या आमंत्रणात थोडी भीती मिसळलेली. दुसरं ‘अर्थक्वेक’. तिसरं आपलं. चौथ्यावर मी स्टेशनच्या फाटकाशी पोचतो आणि लक्ष उडतं, त्यात गाण्याचा दोष नसावा.

‘रेमेडी’ हे सगळ्यात चाललेलं गाणं. निर्माता रेडवन, म्हणजे तोच ज्याने गागाची ‘जस्ट डान्स’ आणि ‘पोकर फेस’ केली. ऐकलं की लगेच कळतं: तशीच जाड सिंथची भिंत, तसंच नाचातच औषध सापडण्याचं प्रकरण. गाणं उत्तम आहे. पण या अल्बममध्ये ते मला लग्नाला भाड्याने आणलेल्या झुंबरासारखं वाटतं. उजेड भरपूर, पण घरातलं नाही.

‘मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रेमाची सगळी भाषा गणिताची. मी बी.कॉम.वाला, मला त्याची नको तेवढी मजा येते. आणि ‘सिमेट्री’. तिथे ती एकटी गात नाही. बरोबर आवाज आहे फिलिप ओकीचा, शेफील्डच्या ह्यूमन लीग या बँडचा. त्यांचा १९८१ चा ‘डेअर’ अल्बम ज्यांनी घासून घासून ऐकलाय त्यांना हा आवाज काय आहे ते सांगायला नको. खर्जातला, निर्विकार, बँकेतल्या कॅशियरने नोटा मोजून द्याव्यात तसा. त्याच्या बाजूला हिचा कोवळा, वर जाताना किंचित पातळ होणारा आवाज. दोन पिढ्या शेजारी उभ्या आहेत आणि कुणी कुणाच्या पाया पडत नाही. मला त्यातला मोकळेपणा आवडला.

बारावं गाणं संपलं की अल्बम संपला असं वाटतं. मी पंधरा वर्षं तसंच समजत होतो, कारण ते संपेपर्यंत मी ऑफिसच्या दारात असायचो आणि हेडफोन काढून ठेवायचो. परवा गाडी लावून बसून राहिलो, बराच वेळ शांतता, आणि मग पियानो! फक्त पियानो आणि ती. यादीत न छापलेलं गाणं, आणि त्याचंच नाव ‘हँड्स’. वॉचमन येऊन काचेवर टकटक करून गेला.

आठवडा ५

आता खरी अडचण. बेस हुबेहूब, किक हुबेहूब, साइडचेन लावला, म्हणजे किक पडली की बेस क्षणभर खाली दबतो आणि पुन्हा वर येतो. सगळं जागच्या जागी. आणि तरी दोन मिनिटांनंतर कंटाळा. मूळ गाणं मात्र मी एका दमात चारदा ऐकतो.

बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं, “अहो, ते बंद करा आता, कणीकसुद्धा त्याच तालात मळायला लागलेय मी.” मी म्हटलं, म्हणजे चांगलंच आहे की. ती म्हणाली, “चांगलं कसलं, पीठ गिरणीचा पट्टा वाटतोय.”

शंभर टक्के बरोबर. गिरणीचा पट्टा.

त्या रात्री झोप लागेना आणि लेहरा आठवला. तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरणारा माणूस बघा. अर्धा-पाऊण तास त्याच १६ मात्रांची एकच ओळ. श्रोत्यांचं लक्ष तबल्यावर, त्याच्याकडे कुणी पाहतही नाही. पण लेहरा मेला की सोलो मेला. आणि चांगला लेहरेवाला तीच ओळ शंभरदा वाजवतो तेव्हा ती शंभरदा तशीच नसते. भाता कधी कमी, कधी जास्त. तिहाई येतेय असं दिसलं की किंचित दाब. सम पडली की हलकेच सोडणार. सूर एकही बदलत नाही. (तेनोरी-ऑनचे खणही १६, सूर ओळीने वाजवणाऱ्या सीक्वेन्सरचे खणही १६. तीनतालाशी त्याचा हिशेब जुळत नाही, मात्रा आणि पाव ठोका वेगळे. तरी मला आकडा पाहून बरं वाटलं.)

मग पुन्हा हेडफोन लावून फक्त बेस ऐकला. मला जो पट्टा वाटत होता तो भाता निघाला. फिल्टरचा कटऑफ, म्हणजे तो किती उघडा ते ठरवणारी हद्द, सतत हलतोय. आवाज गायला लागला की बेस जरा मिटतो, ती थांबली की उघडतो, आणि शेवटाकडे सगळंच हळूहळू पसरत जातं. सूर तेच.

मी तेच आधी माउसने केलं होतं. स्क्रीनवर रेषा काढली, खालून वर, सरळ. ती पुसली. सॉफ्टवेअर सिंथ बंद केला, ॲनालॉगवर तोच पॅच बांधला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि पाच मिनिटं कटऑफच्या नॉबवर हात ठेवून बसलो. पहिल्या टेकला हात थरथरला. दुसऱ्याला मी उत्साहात फार उघडला आणि किक बुडाली. तिसऱ्याला भाच्याने फोन केला. सातवा टेक ठेवलाय. त्यात दुसऱ्या मिनिटाच्या आसपास नॉब जरा जास्त मागे गेलाय आणि मग मी घाईने पुढे आणलाय, ते ऐकू येतं. तो तुकडा मी पुसणार नाही.

माझ्या मते अल्बम इथे पकडतो. यंत्रं सगळी दिसतात, लपवलेली नाहीत, पण प्रत्येक यंत्राच्या नॉबवर कुणाचं तरी बोट आहे. ज्या मुलीने स्वतःच्या खोलीत बसून, कॅमेऱ्यासमोर एका हाताने बटणं दाबत दुसऱ्या हाताने स्टायलोफोन (काडीने वाजवायचं छोटं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवला, तिने हे नाव उगाच दिलेलं नाही.

आठवडा ६

मेलेले ११ पॅड. नेटवर सगळे म्हणतात मॅट, म्हणजे पॅडखालचा रबरी पत्रा, बदला. मॅट परदेशातून येणार, येता येता पॅडच्या किमतीएवढी होणार. तेव्हा मिरजेला गेलो. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीपासून थोडं पुढे एक काका इलेक्ट्रॉनिक तानपुरे आणि पेट्या दुरुस्त करतात. त्यांनी कंट्रोलर उलटा केला, आठ स्क्रू काढले, आणि आतला रबरी पत्रा उचलून मला दाखवला. प्रत्येक पॅडच्या खाली एक काळा ठिपका. तो बोर्डावर टेकला की सर्किट पुरं होतं.

“कार्बन झिजलाय. ह्याला नवीन काय लागत नाय.”

त्यांनी ड्रॉवरमधून ६बीची पेन्सिल काढली. ठिपक्यावर गोल गोल घासली, फुंकर मारली, परत घासली. बोर्डावरचा मळ कापूस आणि स्पिरिटने पुसली. ११ ठिपके, वीस मिनिटं, ८० रुपये. ९ पॅड जिवंत झाले. उरलेले दोन कोपऱ्यातले आहेत, त्यांच्यावाचून माझं काही अडत नाही.

पेन्सिल चालते ती ग्रॅफाइटमुळे, त्यातून वीज वाहते. किती महिने टिकेल ते बघू. हे दाबाचा जोर ओळखणाऱ्या भारी पॅडवर करू नका, त्यांची रचना वेगळी असते.

पॅड चालू झाले तसा वरचा सिंथ सुचला. आठ खणांचा फेरा, त्यात तीन सूर, आणि प्रत्येक फेऱ्याला एक सूर एक घर पुढे. थोडक्यात, पलट्यांचा अभ्यास. ज्यांनी लहानपणी बाजाच्या पेटीवर सारेग, रेगम, गमप घोटलंय त्यांना आर्पेजिएटर (सिंथचे सूर एकेक करून फिरवणारी सोय) वेगळा शिकायला लागत नाही.

आठवडा ७

आवाज. मी गाऊ नये याबद्दल घरात एकमत आहे. भाचीला बोलावलं. तिची गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय, आवाज सुरेल, आणि मामाच्या खुळांची सवय आहे.

कपाटात गोधड्या टांगून माइक आत ठेवला. तिने गाणं दोनदा ऐकलं आणि गायला लागली. सुरेख. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी छोटी मींड, मध्येच खटका, लांब सुरावर हलकं आंदोलन. गाणं एकदम यमन कल्याणच्या बाजूने झुकायला लागलं.

“सरळ धर,” मी म्हटलं.

तिने सरळ धरला. मग हेडफोन काढून म्हणाली, “मामा, तुला हे सोपं वाटतंय का? ही काहीच करत नाहीये. सूर लावते आणि सोडून देते. मला सारखं वाटतंय की आता काहीतरी करावं.”

आम्ही तासभर फक्त न करण्याचा रियाज केला. व्हिक्टोरिया हेस्केथचा आवाज मोठा नाही. टाळ्या मिळवणारी दमदार तान तिथे सापडणार नाही, आणि त्या काळात तिच्याबद्दल ‘आवाजात दम नाही’ असं म्हणणारे होतेच. पण एकाच विचारात अडकलेल्या माणसाचं गाणं आहे ते. अडकलेला माणूस हरकती घेत नाही. तो तेच तेच, त्याच सुरात, स्वतःशी बोलल्यासारखं बोलतो. खाली बेस फिरतोय, वर तीही फिरतेय, आणि दोघांपैकी कुणालाच बाहेर पडता येत नाही. भाचीला हे मी असं समजावलं नाही, तिनेच आठव्या टेकच्या सुमाराला डोळे मिटले आणि सगळी सजावट गळून पडली.

तोच टेक पुन्हा एकदा तिच्याकडून गाऊन घेतला आणि दोन्ही थर एकावर एक ठेवले, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. दोन्ही अगदी जुळत नाहीत, शब्दांचे शेवट केसभर मागेपुढे होतात. तिला ते खटकलं. मला सॉफ्टवेअरमध्ये सरकवून जुळवता आलं असतं, तसं पाहिलंही जुळवून, आणि चमक गेली. परत होतं तसं ठेवलं.

आठवडा ८, म्हणजे आत्ता

मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवणं, चालू आहे. बेस आणि किक ६० हर्ट्झच्या आसपास अजून भांडतात. किकला वरचा टकटक भाग जरा जास्त दिला आणि बेसचं तळ ४० च्या खाली कापलं, तेव्हा थोडी शांतता झाली. लॅपटॉपच्या चार्जरची बारीक घरघर रेकॉर्डिंगमध्ये येत होती. बॅटरीवर चालवला की जाते, म्हणून आवाज घेताना चार्जर काढून ठेवतो.

एक उद्योग वाढला आहे. भाचीला सूर द्यायला मी माळ्यावरची आजोबांची पेटी खाली काढली होती. ती गेल्यावर सहज ‘न्यू इन टाउन’ वाजवून पाहिलं. चाललं! किक नाही, सिंथ नाही, तरी चाल आपल्या पायावर उभी राहिली. ‘सिमेट्री’ही उभं राहिलं. ‘रेमेडी’ जरा लंगडतं, पण तेही चालतं. खोलीतल्या त्या जुन्या व्हिडिओंत ती गाणी नुसत्या पियानोवर का गाऊ शकायची, त्याचं उत्तर मला सांगलीत पेटीवर मिळालं. २०२२ मध्ये लंडनला ‘ॲबा व्हॉयेज’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात प्रत्यक्ष वाजवणाऱ्या बँडमध्ये ती कीबोर्डवर होती. वर पडद्यावर संगणकाने घडवलेले ॲबा गातात आणि खाली हिचे खरे हात. मला त्याचं अजिबात नवल वाटलं नाही. मधल्या काळात रेकॉर्ड कंपनी सोडून तिने स्वतःचं लेबल काढलं, त्याचं नावही ‘ऑन रिपीट’.

तर आता डोक्यात ते शेवटचं, न छापलेलं गाणं आहे. पियानोच्या जागी पेटी, आवाज भाचीचा, बाकी काही नाही. अडचण एवढीच की मधल्या सप्तकातला कोमल धैवत न दाबताही हळूच बोलतो आणि भाता एका कुशीवर फुसफुसतो. मिरजेच्या काकांना फोन केला. म्हणाले, रविवारी घेऊन या, पण पेन्सिलीनं व्हायचं नाय हे.